नदीकांठचें नाणें आणि माळ्यावरचें दप्तर

कोल्हापूर शहराच्या पश्चिम अंगास, पंचगंगेच्या कांठीं, ब्रह्मपुरी नांवाची एक उंचवट्याची जागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोल्हापुरांत शिशाचीं जुनीं नाणीं मिळतात, ही गोष्ट विद्वानांच्या कानीं आली. दिसण्यांत तीं नाणीं अगदीं साधीं होतीं. एका बाजूस कमानींची रास घालून काढलेली टेकडी व तिच्याजवळ झाड, दुसऱ्या बाजूस बाण जोडलेलें धनुष्य, आणि कडेनें झिजून गेलेलीं ब्राह्मी अक्षरें. सोन्याचें नाणें सांपडलें तर तें सोनाराच्या मुशींत जावयास फारसा वेळ लागत नाहीं. या शिशाच्या चकत्यांना मात्र बाजारांत कोणी विचारणारें नव्हतें. त्यांचा हा निरुपयोगच इतिहासाच्या उपयोगी पडला असें म्हणावयास हरकत नाहीं.

पंडित भगवानलाल इंद्रजी आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं या नाण्यांचा अभ्यास केला. त्यांवर तीन राजांचीं नांवें मिळालीं: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. दुसऱ्या शतकांतील ग्रीक भूगोलकार टॉलेमी यानें दक्षिणेंतील एका राजाचें नांव बालेओकुरोस असें दिलें आहे, तो हाच विळिवायकुर असावा, असा तर्क भांडारकरांनीं बसविला. नांवें कळलीं, परंतु या तिघांपैकीं आधींचा कोण आणि नंतरचा कोण, हें सांगणारा एकही शिलालेख जवळ नव्हता. तो उलगडा अखेर नाण्यांनींच केला. जुन्या काळीं नवा राजा कित्येकदां पूर्वीच्या राजाचें चलन परत घेऊन त्याच चकतीवर आपला ठसा मारीत असे. ठसा नीट बसला नाहीं म्हणजे खालच्या नांवाचीं दोनचार अक्षरें वरच्या नांवाआडून डोकावत राहतात. कोल्हापूरच्या नाण्यांत वासिष्ठीपुत्राच्या नाण्यावर माढरीपुत्राचा ठसा आढळला, आणि गौतमीपुत्राचा ठसा त्या दोघांच्याही नाण्यांवर आढळला. म्हणजे पहिला वासिष्ठीपुत्र, मधला माढरीपुत्र आणि शेवटचा गौतमीपुत्र. रॅप्सन यांनीं १९०८ सालीं ब्रिटिश म्युझियममधील आंध्र व क्षत्रप नाण्यांची जी सूचि प्रसिद्ध केली, तींत हा क्रम याच पुराव्यावर लावलेला आहे.

हा निर्णय एका सुंदर व अखंड नाण्यावरून होण्यासारखा नव्हता. त्याला बिघडलेलीं, दुहेरी ठशाचीं, घाणेरडीं आणि संख्येनें पुष्कळ अशीं नाणीं पाहिजे होतीं. तीं ज्यांनीं उचललीं, फेंकून न देतां जपलीं आणि जाणत्याच्या हातीं दिलीं, त्यांचीं नांवें कोणत्याही सूचींत नाहींत. वाचणाऱ्याचें नांव राहिलें, वेंचणाऱ्याचें राहिलें नाहीं. विद्येच्या इतिहासांत ही गोष्ट वारंवार घडलेली आहे, आणि तिचा विचार करण्यास कोल्हापूर व त्याच्या शेजारचा मुलूख यांइतकें सोयीचें ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल.

सामान्य नागरिकांनीं संशोधकांच्या बरोबरीनें निरीक्षणें करावीं, वस्तु व माहिती गोळा करावी आणि त्यांतून शास्त्राची भर व्हावी, या पद्धतीला आतां ‘नागरिक-विज्ञान’ असें नांव मिळालें आहे. नांव नवें असलें तरी वस्तु जुनी आहे. १७१५ सालच्या मे महिन्यांत इंग्लंडमध्यें खग्रास सूर्यग्रहण व्हावयाचें होतें. एडमंड हॅले या ज्योतिर्विदानें चंद्राची सावली देशाच्या कोणत्या भागावरून जाईल याचा नकाशा आगाऊ छापून वांटला, आणि जिज्ञासु लोकांना विनंति केली कीं, त्यांनीं आपापल्या गांवीं ग्रहण पाहून सूर्य पूर्ण झांकला किंवा नाहीं आणि झांकला असल्यास किती वेळ, एवढें कळवावें. सावलीच्या ऐन कडेवर राहणाऱ्या माणसाला गणिताचें ज्ञान असण्याची कांहींच गरज नव्हती. त्यानें जें पाहिलें तें प्रामाणिकपणें सांगितलें म्हणजे सावलीची कड कोठें होती हें गणित्याला कळे. आलेल्या उत्तरांवरून हॅलेनें आपला नकाशा दुरुस्त केला. १८७९ सालीं इंग्रजी महाकोशाचे संपादक जेम्स मरे यांनीं असेंच जाहीर आवाहन करून वाचकांकडून शब्दांच्या प्रयोगांचीं टिपणें मागविलीं. १९०० सालच्या नाताळांत अमेरिकेंत फ्रँक चॅपमन यांच्या सूचनेवरून २७ जणांनीं बंदुका घरीं ठेवून पक्ष्यांची शिरगणति केली, आणि ती चाल आजतागायत चालू आहे. या तिन्ही उदाहरणांत संशोधकानें लोकांकडे पांडित्य मागितलें नाहीं. त्यानें एक नेमका प्रश्न दिला, उत्तर लिहिण्याची रीत ठरवून दिली आणि आलेलें उत्तर तपासण्याचें काम स्वतःकडे ठेविलें.

महाराष्ट्रांत या पद्धतीचा खरा प्रयोग आकाशाच्या किंवा पक्ष्यांच्या बाबतींत आधीं झाला नाहीं. तो इतिहासाच्या बाबतींत झाला. त्याचें कारण उघड आहे. इतिहासाची सामग्री येथें कोणा एका राजवाड्यांत बंद नव्हती. ती देशमुख-देशपांड्यांच्या, सरदार-इनामदारांच्या, कुलकर्ण्यांच्या आणि उपाध्यायांच्या घरीं, माळ्यावर, फडताळांत व पेट्यांत, रुमालांत बांधून ठेविलेली होती. वतनाचा महजर, गांवच्या तंट्याचा निवाडा, मोहिमेवरून घरीं आलेलें पत्र, देण्याघेण्याची याद, हे सर्व कागद घरचे समजले जात. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास लिहिला तेव्हां तो सातारच्या दरबारीं इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेला होता, आणि अधिकाराच्या जोरावर त्याला कागद पहावयास मिळाले. चाळीस वर्षांनीं नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्यानें डफच्या ग्रंथावर टीका लिहिली, आणि मराठ्यांनीं आपला इतिहास आपल्या कागदांवरून लिहावा ही आकांक्षा उघड बोलून दाखविली. परंतु अधिकार हातीं नसलेल्या माणसाला कागद कोण दाखविणार?

हा प्रश्न पोकळ नव्हता. दक्षिण महाराष्ट्रांतील घरंदाज मंडळींना कागद दाखविण्याचा एक कडू अनुभव नुकताच येऊन गेला होता. इंग्रज सरकारनें इनामांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८५२ च्या कायद्यानें त्याला मोठे अधिकार दिले. ज्याला आपल्या इनामाची सनद दाखवितां आली नाहीं, किंवा ज्याची सनद चौकशी करणाऱ्यांना पटली नाहीं, त्याचें इनाम खालसा झालें. पिढ्यान् पिढ्या उपभोगलेल्या जमिनी एका कागदाच्या अभावीं गेल्या. तेव्हांपासून दारीं येऊन जुने कागद मागणारा माणूस म्हणजे घरावरचें संकट, अशी समजूत पडली असल्यास तींत नवल नाहीं. याच्या उलट टोंकाला दुसरी आपत्ति होती. ज्या घरीं वतन उरलें नाहीं आणि मोडी वाचणारें माणूसही उरलें नाहीं, तेथें दप्तर म्हणजे नुसती अडगळ झाली. असे रुमाल वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यासाठीं गेले, पावसाळ्यांत चूल पेटविण्यास लागले, किंवा श्रद्धाळूपणानें गंगार्पण झाले. कागद जपणारा दाखवावयास भीत होता आणि न भिणारा जपत नव्हता. या कोंडींतून इतिहाससंशोधनाला वाट काढावयाची होती.

पहिली वाट एका मासिकानें काढली. १८७८ सालीं पुण्यास ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला. काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचें तें काम होतें. जुन्या बखरी, पत्रें, यादी व काव्यें जशींच्या तशीं छापावीं, हा त्याचा क्रम. छापलेला कागद वाचून दुसऱ्या गृहस्थाला आपल्या घरच्या कागदाची आठवण व्हावी, हा अशा मासिकाचा मोठाच उपयोग होता. दप्तरांतून काय निघतें, त्याचा सन्मान कसा होतो, आणि छापल्यानें कोणाचें वतन जात नाहीं, हें लोकांना डोळ्यांनीं दिसूं लागलें.

दुसरी वाट कोल्हापूरच्या शेजारींच निघाली. कोल्हापुरापासून सुमारें ५० किलोमीटरवर असलेल्या मिरजेस १८८० सालीं वासुदेव वामन खरे हे संस्कृतचे शिक्षक म्हणून आले. शाळेंत शिकवावें, उरलेल्या वेळांत पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील मोडी कागद वाचावे, असा त्यांनीं पुढील आयुष्यभराचा नेम केला. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें ते हे कागद कालानुक्रमानें लावून, मधून मधून कथासूत्र जोडून, छापूं लागले. १९२४ सालीं ते वारले तोंपर्यंत त्याचे बारा भाग झाले होते, आणि पुढचें काम त्यांच्या चिरंजीवांनीं चालविलें. पानिपतानंतरच्या मराठ्यांच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याला हा संग्रह आजही बाजूस ठेवतां येत नाहीं. यामागें सरकारी खातें नव्हतें. एका घराण्यानें दप्तर उघडलें आणि एका शाळामास्तरानें आपलें आयुष्य त्यावर खर्च केलें.

तिसरी वाट विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांची. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड त्यांनीं प्रसिद्ध केला, आणि पुढें अशा खंडांची संख्या बाविसांवर गेली. खरे यांनीं एका दप्तराशीं संसार केला. राजवाडे गांवोगांव हिंडले. कोणाच्या माळ्यावर काय आहे याची बातमी काढावी, घरधन्याची मनधरणी करावी, नकार आला तर पुन्हा जावें, आणि मिळालेला कागद स्वतः उतरून घ्यावा, हा त्यांचा क्रम. ७ जुलै १९१० रोजीं खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्यानें त्यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तेव्हां एकट्या माणसाची ही भटकंती एका संस्थेच्या रूपाला आली. मंडळाच्या पाक्षिक सभांत एखाद्यानें एक पत्र वाचावें, दुसऱ्यानें एका शिलालेखाचा ठसा दाखवावा, तिसऱ्यानें एका नाण्यावर टिपण सादर करावें, आणि उपस्थितांनीं शंका काढाव्या, अशी रीत पडली. त्या वेळच्या इतिवृत्तांतील टिपणांचे लेखक पाहिले तर इतिहास हा ज्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता अशी मंडळी त्यांत ठिकठिकाणीं भेटतात. कागद कोणाच्या दप्तरांतला हें नमूद करण्याची चाल पडली हीही मोठी गोष्ट झाली. त्यामुळें कागदाला ठिकाण मिळालें आणि घरधन्याला मान मिळाला.

परंतु कागद मिळाला म्हणजे पुरावा मिळाला असें नव्हे. वतनाच्या भांडणांत बनावट महजर व खोट्या सनदा तयार करण्याची विद्याही या देशांत पुरातन आहे. आपल्या पूर्वजाचा पराक्रम वाढवून सांगणारी कैफियत लिहवून घेणारीं घराणींही होतीं. म्हणून आलेल्या कागदाची परीक्षा करणें हा संशोधकाचा मुख्य धर्म ठरला. अक्षराचें वळण त्या काळाचें आहे काय, शिक्का व मोर्तब जागच्या जागीं आहेत काय, पत्रांतील मायने त्या माणसाच्या पदवीस शोभतात काय, हें सर्व पहावें लागे. सर्वांत कठीण काम मितीचें. मराठी कागदांवर वर्ष पुष्कळदां शुहूर सनानें आणि अरबी अंकशब्दांनीं लिहिलेलें असतें. ‘अर्बा अशर मया व अलफ’ म्हणजे चार, दहा, शंभर व हजार, एकूण १११४. त्यांत ५९९ मिळविले कीं इसवी सन १७१३-१४ येतें. हा सन मृग नक्षत्रीं पालटतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शेतकऱ्याच्या पेरणीबरोबर सुरू होणारें हें वर्ष, दिलेला चंद्र आणि कागदांत उल्लेखिलेला प्रसंग हीं तिन्ही जुळलीं नाहींत तर कागदाविषयीं संशय घ्यावाच लागतो. घरधन्याला अशी परीक्षा आपला अपमान वाटे. आपल्या देव्हाऱ्याजवळ ठेविलेल्या सनदेला कोणी खोटी म्हणावें, हें सहन करणें सोपें नाहीं. लोकांच्या साहाय्यानें चालणाऱ्या संशोधनाचा खरा कस या ठिकाणीं लागतो: देणाऱ्याचा मान राखावयाचा आणि पुराव्याची मुरवत मात्र ठेवावयाची नाहीं.

कोल्हापूरच्या बाबतींत या कामाला आणखी एक महत्त्व होतें. १७०० सालीं छत्रपति राजाराम वारल्यावर ताराबाईंनीं औरंगजेबाशीं सात वर्षें झुंज चालविली. १७०७ सालीं शाहू सुटून आले, राज्याचे दोन भाग झाले, आणि १७३१ च्या वारणेच्या तहानें ती विभागणी कायम झाली. पुढें राज्याचा विस्तार सातारच्या छत्रपतींच्या नांवानें पेशव्यांनीं केला, आणि कागदांचा सर्वांत मोठा सांठाही पुण्याच्या पेशवे दप्तरांत राहिला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्या दप्तरांतून १९३० ते १९३४ या काळांत ४५ भाग निवडून छापले, ही फार मोठी कामगिरी होय. तथापि त्या दप्तरांत कोल्हापूर दिसतें तें बहुधा प्रतिपक्ष म्हणून. ज्या पक्षाचे कागद अधिक छापले जातात त्या पक्षाची बाजू वाचकाला अधिक पटते. यांत कोणाचा दुष्ट हेतु असावा लागत नाहीं. ताराबाईंना केवळ हट्टी व कारस्थानी बाई ठरविणारीं वर्णनें मराठींत दीर्घकाळ चाललीं त्याचें एक कारण हें कीं, त्यांच्या बाजूचे कागद वाचकांपुढें फार उशिरां आले. इतिहासांतील न्यायाचा प्रश्न अशा रीतीनें माळ्यावरच्या रुमालाशीं येऊन भिडतो.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न कोल्हापुरांतूनच झाले. राजाराम कॉलेजांत शास्त्रविषय शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं एकोणिसाव्या शतकांत रसायन व पदार्थविज्ञान यांवर मराठींत पुस्तकें लिहिलीं, आणि त्याच लेखणीनें कोल्हापूर व कर्नाटक प्रांतांतील संस्थानांचा इतिहासही लिहिला. त्याच कॉलेजांतील प्रा. कुंदणगार यांनीं उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थान यांतील शिलालेखांचा संग्रह १९३९ सालीं प्रसिद्ध केला. शिलालेख शोधणें हें तर गांवकऱ्यांच्या मदतीवांचून होणारें कामच नव्हे. देवळाच्या ओवरींत कपडे वाळत घालण्याचा दगड, विहिरीच्या थारोळ्यांत बसविलेली शिळा, शेताच्या बांधावर शेंदूर फांसून उभा केलेला वीरगळ, यांची माहिती त्या गांवच्या गुरवाला आणि गुराख्याला असते. परक्या पंडिताला कोणी बोटानें दाखविल्याशिवाय तो दगड दिसत नाहीं, आणि पंडितानें वाचल्याशिवाय तो गांवाला कळत नाहीं. पुढें १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें. त्याचे पहिले कुलगुरु डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासाचे अभ्यासक होते. त्यांनीं ‘ताराबाईकालीन कागदपत्रें’ संपादून विद्यापीठाच्या वतीनें प्रसिद्ध केलीं, आणि कोल्हापूरच्या गादीची बाजू तिच्या स्वतःच्या कागदांतून बोलूं लागली.

ब्रह्मपुरीच्या मातीनेंही मधल्या काळांत आपलें आणखी एक गुपित सांगितलें होतें. कोल्हापूर शहरांत १८७७ च्या सुमारास एक जुना स्तूप उकरला गेला होता. त्यांत दगडी पेटी व तिच्या आंत स्फटिकाचा करंडक मिळाला, आणि ब्रह्म नांवाच्या कोणा गृहस्थाचें हें दान असून धर्मगुप्तानें तें करविलें, असा ब्राह्मी लेख त्या पेटीवर होता. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनीं, १९४४-४५ च्या सुमारास, ब्रह्मपुरीस कांशाच्या वस्तूंचा एक संचय निघाला. त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी मूर्ति होती, पाश्चात्य घडणीची सुरई होती. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रापासून इतक्या अंतरावर, रोमन व्यापाराचा असा पुरावा मिळावा हें आश्चर्यच होतें. विद्वानांत हा संचय कुंदणगारांच्या नांवानें ओळखला जातो, आणि पोसायडनची ती मूर्ति कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाचें भूषण होऊन राहिली आहे.

लगेच पुढच्या वर्षीं, १९४५-४६ सालीं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं ब्रह्मपुरीचें शास्त्रीय उत्खनन केलें, आणि १९५२ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. सातवाहनकाळापासून बहामनी काळापर्यंतच्या वस्तीचे थर त्यांत क्रमानें उलगडले. या उत्खननानें जें दिलें तें नुसत्या वस्तु उचलल्यानें मिळण्यासारखें नव्हतें. कोणता खापराचा तुकडा कोणत्या थरांत, कोणत्या नाण्याच्या सोबतीनें आणि जमिनीखालीं किती खोल होता, या नोंदीवरच काळाचा निर्णय अवलंबून असतो. पोसायडनची मूर्ति केव्हां घडली, येथें केव्हां आली, आणि तिच्या बरोबरच्या वस्तूंपैकीं परदेशी कोणत्या व देशी कोणत्या, याविषयीं विद्वानांत पुढें पुष्कळ वर्षें चर्चा चालली. वस्तु कितीही मोलाची असली तरी तिचें ठिकाण तिच्यापासून तुटलें कीं तिची अर्धी वाचा जाते, हें या चर्चेवरून ध्यानांत येतें.

येथें लोकांच्या हातून होणारी चूक आणि तिचा उपाय यांचा विचार केला पाहिजे. ब्रिटिश मुलखांत १८७८ सालीं गुप्तधनाचा कायदा झाला, आणि दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास तें कलेक्टरास कळविणें सांपडणाऱ्यावर बंधनकारक झालें. परंतु कायद्याच्या धाकानें वस्तु जितक्या बाहेर येतात तितक्याच आंत दडतात, हें कोणीही अनुभवी माणूस जाणतो. भीतीनें नाणें वितळलें जातें. लोभानें तें बाजारांत जातें. आणि कधीं कधीं निव्वळ हौसेनें तें चिंचेनें व राखेनें घांसून चकचकीत केलें जातें, तेव्हां उरलीं सुरलीं अक्षरेंही नाहींशीं होतात. यांपैकीं कोणताही माणूस इतिहासाचा शत्रु नसतो. त्याला फक्त कोणी सांगितलेलें नसतें कीं, नाणें घांसूं नये, तें मिळालें ती जागा व तो दिवस लिहून ठेवावा, त्याच्या भोंवतालचीं खापरें फेंकूं नयेत, आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयास अगर अधिकाऱ्यास कळवावें. एवढीं चार वाक्यें ज्या गांवीं पोंचलीं त्या गांवचें शेत हें इतिहासाच्या कोठाराचें दार होतें.

घरच्या दप्तरांवर मात्र काळाचा घाला अधिक वेगानें पडत आहे. मोडी लिपि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून व कचेऱ्यांतून मागें पडली. त्यानंतर वाढलेल्या पिढ्यांना आपल्याच पणजोबांचें पत्र परक्या भाषेसारखें दिसूं लागलें. वाळवी व कसर यांना तर लिपीची अडचण कधींच नव्हती. त्यांत नदीची भर पडली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत पंचगंगेचें पाणी कोल्हापूर शहराच्या वस्तींत आणि नदीकांठच्या गांवांत शिरलें. पाणी ओसरल्यावर घराबाहेर काढून टाकलेल्या भिजक्या ढिगाऱ्यांत अंथरुणें असतात, धान्य असतें, शाळेचीं पुस्तकें असतात. आणि एखादा रुमालही असूं शकतो, ज्याची यादी कधीं झालेली नसते. ज्याची नोंद नाहीं त्याच्या नाशाचीही नोंद होत नाहीं.

उलट पक्षीं, राजवाडे आणि खरे यांना जी सोय स्वप्नांतही नव्हती ती आतां घरोघर आहे. कागद मागून नेणें, तो हातानें उतरणें आणि परत करणें, यांत त्यांचीं वर्षें गेलीं, आणि नेलेला कागद परत येईल काय ही घरधन्याची शंकाही कायम राहिली. आतां खिशांतल्या फोनवर कागदाचें स्पष्ट छायाचित्र क्षणांत निघतें, आणि मूळ कागद घराबाहेर जातही नाहीं. राज्याच्या पुराभिलेख खात्याकडून मोडीच्या शिक्षणाचे वर्ग चालतात, आणि कोल्हापुरांतही पुराभिलेखागार आहे. परंतु यंत्रानें छायाचित्र काढलें तरी विश्वास यंत्रानें उत्पन्न होत नाहीं. हॅलेला उत्तरें आलीं तीं त्यानें आपला नकाशा आधीं लोकांपुढें ठेविला म्हणून. मंडळाकडे कागद आले ते छापलेला कागद देणाऱ्याच्या दारीं परत पोंचला म्हणून. संशोधकानें गोळा करून न्यावें आणि देणाऱ्याला पुन्हा कांहीं कळूं नये, असा व्यवहार एकदां झाला तर होतो. दुसऱ्यांदां त्या गांवीं दार उघडत नाहीं.

म्हणून कोल्हापूरच्या या इतिहासांतून निघणारा हिशेब दोन्ही बाजूंस लागू पडतो. लोकांकडून वस्तु, कागद व ठावठिकाणा यावा. संशोधकाकडून परीक्षा, खुलासा आणि नामनिर्देश परत जावा. शिशाचें नाणें उचलणाऱ्याला वासिष्ठीपुत्र कोण हें ठाऊक नव्हतें, आणि वासिष्ठीपुत्राचा क्रम लावणाऱ्याला तें नाणें कोणी उचललें हें ठाऊक नव्हतें. दोघांची गांठ पडली असती तर कदाचित् आणखी एक गोष्ट कळली असती: तें नाणें ब्रह्मपुरीच्या नेमक्या कोणत्या खांचेंत, किती हात खोल, आणि कोणत्या खापरांच्या शेजारीं पडलेलें होतें. ती गोष्ट आतां कळण्यासारखी नाहीं. पुढच्या पावसाळ्यानंतर पंचगंगेच्या कांठीं जें नाणें उघडें पडेल, त्याच्याविषयीं ती कळूं शकते.